दुसरी डबी

नर्सने माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या चार बोटं खाली, निळ्या पेनाने एक गोल काढून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तिने त्या गोलातली लाल गाठ छोट्या पट्टीने मोजली, आकडा कागदावर लिहिला आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवला. डॉक्टर म्हणजे माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या बाई. माझ्या सांध्यांसाठी त्यांना एक नवं औषध सुरू करायचं होतं आणि त्याच्या आधी ही तपासणी करतात म्हणे. त्या म्हणाल्या, "काकू, घाबरू नका. तुम्हाला टीबी झालेला नाही. एक्स-रे स्वच्छ आहे, खोकला नाही, ताप नाही. पण जंतू अंगात आहे. झोपलेला आहे. तुमच्यापासून कुणालाही काही होणार नाही. फक्त सांध्यांच्या औषधाने अंगातली ताकद थोडी कमी होते, आणि तेवढ्यात हा जागा होऊ शकतो. म्हणून आधी त्याचा बंदोबस्त करू. आठवड्यातून एकदा गोळ्या, बारा आठवडे." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लहानपणी घरात कुणाला टीबी होता का?" मी म्हणाले, "आठवत नाही." या वयात चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही हे खरं आहे. पण त्या प्लास्टिकच्या डबीचं झाकण किती आटे फिरवल्यावर निघायचं, ते माझ्या बोटांना अजून पाठ आहे. मी डॉक्टरांशी खोटं बोलले आणि रिक्षा करून घरी आले.

आमचं घर कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं. पुढे ओटी, मग माजघर, मागे चूल आणि मोरी, आणि मोरीला लागून गोठा. घरात आबा, आई, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, त्याची बायको सुलभावहिनी, त्यांची दीड वर्षाची सोनी आणि मी, एवढी माणसं. दादा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. आबा भातशेती करायचे, आणि त्यांचा दिवस उजाडायचा तो खाकरण्याने. मोरीशी उभं राहून ते घसा, छाती, जमलं तर पोटसुद्धा साफ करायचे. तो आवाज खालच्या आळीपर्यंत जायचा आणि लोक म्हणायचे, उठले आबा. त्यांच्या पाठोपाठ गावातले बाकीचे पुरुष सुरू व्हायचे. बाईमाणसाने मात्र असला आवाज काढायचा नाही. असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण चुलीच्या धुराने ठसका लागला तरी आई पदराचा बोळा तोंडात धरायची आणि सुनेलाही तेच वळण होतं. आमच्या घरात छाती मोकळी करायचा हक्क फक्त आबांना होता. मला तेव्हा त्यात वावगं काही दिसत नव्हतं.

वहिनी खालापूरच्या बाजूच्या एका गावातली. दहावी झालेली, गणितात हुशार, आणि हाताला अशी चव की तिने साधी सुकटीची चटणी केली तरी आबा एक भाकरी जास्त खायचे. वाल सोलायला बसलो की ती मला बैजिक सूत्रं विचारायची. चुकले की सोललेला वाल माझ्या कपाळावर टपकन मारायची. मी नववीत होते, रोज सकाळी एसटीने कर्जतच्या शाळेत जायची, आणि संध्याकाळी परत आल्यावर 'आज काय शिकवलं गं' असं विचारणारी घरात ती एकटीच होती. आठवीनंतर माझी शाळा बंद करायचं आईच्या मनात होतं. वहिनीने सासूशी वाद घातला नाही. ती फक्त पहाटे अर्धा तास आधी उठून माझ्या वाटणीची कामं उरकून ठेवायला लागली, आणि आईला बोलायला जागाच उरली नाही.

त्या वर्षी गणपती गेले तरी तिचा खोकला जाईना. आईने अडुळशाचा काढा दिला, हळद-दूध दिलं, छातीला शेक दिला. वहिनीच्या बांगड्या मनगटावर घट्ट बसायच्या, त्या भाकरी थापताना कोपरापर्यंत घसरायला लागल्या. संध्याकाळी तिच्या अंगात कसकस असायची. ती बोळा तोंडात धरून खोकायची, त्यामुळे तिचा खोकला ऐकू कमी यायचा आणि दिसायचा जास्त. पाठ गदागदा हलायची आणि मांडीवरची सोनी त्याबरोबर हलत राहायची. सोनीला तो खेळ वाटायचा, ती हसायची.

गावात महिन्यातून एकदा नर्सबाई यायच्या. त्यांनी वहिनीला पाहिलं, किती आठवडे झाले ते विचारलं आणि पिशवीतून झाकणाची एक डबी काढली. "सकाळी चहाच्या आधी चूळ भरायची. मोठा श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. नुसती थुंकी नको. शैला कर्जतला जातेच, दवाखान्यात नेऊन देईल." त्या गेल्यावर आई सुपात तांदूळ घेऊन ओटीवर बसली. वहिनी आत होती, पण आई मुद्दाम तिला ऐकू जाईल असं बोलली. "कागदावर तसलं काय निगालं ना, तर सुलभा म्हायेरी जाईल. पोर हितंच ऱ्हाईल. माझा भाऊ मी डोळ्यांदेखत जाताना बघितलाय. त्याची भांडी आमी शेताच्या बांधाला पुरली." दादा चपलेचा अंगठा दाबत बसला होता. आबांनी रेडिओचा आवाज वाढवला. मी विचारलं, "मंग माजी शाळा?" आई खडे टिपत म्हणाली, "शाळा काय पळून चाललीय? घर कोन बगनार, पोर कोन सांबाळनार?" त्याच दुपारी तिने वहिनीच्या ताटाला खिळ्याने खूण केली आणि ते ताट-वाटी मांडणीवरून काढून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं. बाकी सगळं तसंच राहिलं. माजघराच्या एकुलत्या खिडकीत पावसाची झड येते म्हणून पोतं कोंबलेलं होतं, आणि त्याच माजघरात वहिनी सोनीला पोटाशी घेऊन झोपायची आणि मी त्यांच्या शेजारी. ताटाचा बंदोबस्त झाला म्हणून आई निर्धास्त होती. आम्ही सगळेच होतो.

पहिली डबी घेऊन मी गेले तेव्हा दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी ती उजेडाला धरली. घाटावरचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. "ही थुंकी हाय गं पोरी. पान्यासारखी. हिच्यात मला काय दिसनार? जंतू छातीत असतोय, तितनं यायला पायजे." त्यांनी दुसरी डबी दिली. घरी येऊन मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पाटावरचं पीठ एकत्र करत राहिली. मग म्हणाली, "आबा ओटीवर असतात गं. कशी खाकरू? मला लाज वाटते." मी तिला तोड सुचवली. आबा सकाळी खाचरावर पाणी बघायला जातात, तेवढ्यात गोठ्यामागे पेंढ्याच्या उडवीआड जायचं.

दुसऱ्या दिवशी गेलो. मी सोनीला कडेवर घेऊन राखण करत उभी राहिले. वहिनी उडवीला एक हात टेकून वाकली. तिने श्वास घेतला आणि खोकली, पुन्हा घेतला आणि पुन्हा खोकली. असा आवाज मी बाईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गोठ्यातली गाय कान टवकारून बघायला लागली. सोनीने माझ्या मानेला मिठी मारली. शेवटी तिने डबीचं झाकण लावलं, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डबी माझ्या हातात देऊन तिने माझी मूठ वरून दाबली. "शैलू, नीट ने. काय तो एकदाचा निकाल लागू दे. मला माझं काय नाय. ही माझ्या कुशीत झोपते ना, मला तिची भीती वाटते."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. मला समजलं नाही असं आजवर मी स्वतःला अनेकदा सांगितलंय, पण मी नववीत होते, बाळ नव्हते.

एसटी नदीच्या पुलाजवळ थांबायची. तिथून दवाखाना दहा मिनिटांवर होता. मी पुलाखाली उतरले, कंपासपेटीखाली ठेवलेली डबी काढली आणि झाकण फिरवलं. आत पिवळट बेडका होता आणि त्यात बारीक लाल धागा. मी झाकण परत लावलं. मग पुन्हा काढलं. मला वहिनी खालापूरच्या एसटीत बसलेली दिसली, सोनी दारात रडताना दिसली. आणि त्यांच्याबरोबरच, खोटं कशाला बोलू, चुलीपुढे बसलेली मी दिसले, कडेवर पोर, दप्तर माळ्यावर. कशाचं दुःख जास्त झालं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. मी काडीने मातीत खड्डा केला, डबी त्यात रिकामी केली, वर दगड ठेवला. नदीच्या पाण्याने डबी तीनदा धुतली. मग छाती दुखेपर्यंत खोकून जे काही निघालं ते माझं त्यात थुंकले. काकांनी डबी उजेडाला धरली आणि म्हणाले, "आता कशी बरी आनलीस."

कागद आला त्यावर जंतू नाही असं लिहिलेलं होतं. आईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी गूळ घालून तांदळाची खीर केली आणि पहिली वाटी सुनेला दिली. मग चुलीमागच्या कोनाड्यातलं खूण केलेलं ताट राखेने लख्ख घासून परत मांडणीवर लावलं. वहिनीने तो कागद माझ्या हातून घेऊन दोनदा वाचला. तिने सोनीला उचललं, तिच्या गालाचा मुका घेतला, आणि त्या दिवसापासून ती निवांत मनाने तिला कुशीत घेऊन झोपायला लागली. मी शेजारी जागी असायची.

भात कापून झालं, झोडून झालं. शेजारच्या गावातल्या डॉक्टरांनी कागद पाहिला, शक्तीची बाटली दिली, ती संपली की दुसरी दिली. थंडीत शेतावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कांदे, अंडी. भोवती पेंढा पेटवून सगळी आळी गोळा झालेली. दरवर्षी वहिनी मडकं उघडायची आणि वाफेत तोंड घालून वास घ्यायची. त्या वर्षी ती बांधावर बसून राहिली, तिने दोन शेंगा सोलल्या आणि त्याही सोनीपुढे धरल्या. सोनीने तोंड फिरवलं. माझं लक्ष तेव्हा सोनीच्या मानेकडे गेलं. कानाखाली सुपारीएवढी गाठ होती. सोनी चालायला लागली होती, दुडुदुडु गोठ्यापर्यंत जायची, ती आता बसेल तिथे बसून राहायची. अंग रोज संध्याकाळी तापायचं. आई म्हणाली दात येतायत. वालाचा तो भाजका वास आला की मी आजही उठून जाते. लोकांना वाटतं मला पोपटी आवडत नाही.

पुढे एकदा सकाळी सोनीने ओकारी केली आणि मान माझ्या खांद्यावर टाकली ती उचलेचना. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. एसटीतून उतरले ती सरळ प्रयोगशाळेच्या खिडकीशी. काका सूक्ष्मदर्शकावर वाकलेले होते. मी गजाला धरून सगळं सांगितलं. वहिनीला माहेरी जावं लागेल म्हणून पुलाखाली काय केलं, कुणाची थुंकी आणली, वहिनीचा बेडका कुठे पुरला, सोनीची मान. त्यांनी डोकं वर केलं नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी काच बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"ताटं येगळी केली व्हती का घरात?"

"हो. आईने."

"आन खिडकी?"

"पोतं लावलंय. झड येते म्हणून."

"ताटानं काय व्हत नाय गं. ह्यो हवेतनं जातोय. मानूस खोकला की बारीक तुषार उडत्यात, कोंदट खोलीत तसंच फिरत ऱ्हात्यात. येक खिडकी उघडली असती तर तुझ्या आईच्या धा ताटांपेक्षा जास्त काम झालं असतं." त्यांनी चष्मा परत लावला. "आन तू डबी दिली असतीस ना, तर तवाच औषिद चालू झालं असतं. थोड्या आठवड्यांत तिच्यापासनं कुनाला भ्या उरलं नसतं. कुटं जायची गरज न्हवती तिला. तुला कोन बोललं म्हायेरी जायचं म्हून?"

मी म्हणाले, "आई." ते म्हणाले, "तुझी आई डाक्टर हाय का?" मग मात्र मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. "जा, दोगींना घिऊन ये. आत्ता. आन पोरीला पयली आन."

सोनीला दवाखान्यात ठेवून घेतलं. वहिनीच्या नव्याने तीन डब्या तपासल्या, तिन्हींत जंतू निघाले. नर्सबाई घरी आल्या, घरातल्या सगळ्यांच्या हातावर सुई टोचून गेल्या आणि तिसऱ्या दिवशी पट्टी घेऊन आल्या. ती सकाळ मला अजून दिसते. वहिनी सोनीला दवाखान्यातल्या आयाबाईंपाशी ठेवून आदल्या संध्याकाळी कपडे न्यायला आली होती आणि आईने तिची ट्रंक भरून ओटीवर आणून ठेवली होती. दोन लुगडी वर दिसत होती. दादा नर्सबाईंसाठी खुर्ची आणायला गेला तो आलाच नाही. वहिनी दाराशी उभी होती आणि आईकडे न बघता म्हणत होती, "मी जाते. पन सोनी दवाखान्यातून सुटली की माझ्याकडं पाठवा. तिला मीच औषध देनार." आई म्हणाली, "पोर मिळायची नाय." आवाज चढलेला नव्हता. ती घाबरलेली होती आणि घाबरलेलं माणूस किती शांतपणे निष्ठुर होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

नर्सबाईंनी ट्रंकेकडे एकदा बघितलं आणि आईचा हात ओढून पट्टी लावली. आईच्या हातावर चांगली रुपयाएवढी गाठ होती. मग माझा हात, माझीही तेवढीच. आबांची त्याहून मोठी. दादाच्या हातावर काही नव्हतं, ते सकाळीच दिसलं होतं. "हे काय?" आईने विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "जंतू. तुमच्याही अंगात आहे, शैलाच्याही, आबांच्याही. तुमचा कदाचित भावापासूनचा असेल, कोण सांगणार? पण तुमच्यात तो झोपलाय. अंगाने त्याला कोंडून ठेवलंय. तुम्ही आजारी नाही आणि तुमच्यापासून कुणाला लागण नाही. हिच्यात तो जागा झाला, एवढाच फरक. आणि औषध घेतलं की हिच्यापासूनही लागण थांबते." आई आपल्या हाताकडे बघत राहिली. दुसऱ्या हाताने ती गाठ पुसून जाते का ते तिने पाहिलं.

आबा इतका वेळ खांबाला टेकून बसले होते. ते उठले, त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि आईला विचारलं, "मंग? तू कदी निगतीस म्हायेरला?" कुणी हसलं नाही. आबांनी ट्रंक उचलून माजघरात नेली आणि येताना खिडकीतलं पोतं ओढून काढलं. आत इतका उजेड आला की कोपऱ्यातली जळमटं दिसायला लागली. आई केरसुणी घेऊन उठली.

पुढचे आठ महिने मी वहिनीची औषधं सांभाळली. पहिले दोन महिने रोज सुई आणि मूठभर गोळ्या, मग नुसत्या गोळ्या. लाल कॅप्सूलने लघवी तांबडी झाली तेव्हा ती मोरीतून ओरडत बाहेर आली होती, मी काकांना विचारून आले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. दोन महिन्यांत खोकला गेला, बांगड्या जागेवर आल्या, आणि आई म्हणायला लागली, "आता बरी झाली की, कशाला पोटात इख घालताय?" काकांनी मला बजावून ठेवलं होतं की खरा धोका इथेच आहे. अर्धवट सोडलं तर उरलेला जंतू निगरगट्ट होतो आणि मग त्याला औषध लागू पडत नाही. मी रोज सकाळी पाण्याचा तांब्या आणि गोळ्या घेऊन वहिनीपुढे बसायची आणि गिळून झाल्यावर तोंड उघडायला लावायची. ती म्हणायची, "पोलीस झालीयस." शाळेला उशीर झाला तरी मी उठायची नाही. घरातल्यांना वाटायचं केवढी माया. काकांनी कुणाला सांगितलं नाही. नोंदवहीत त्यांनी 'आधीचा नमुना योग्य नव्हता' एवढं लिहिलं, आणि मी तेवढ्याच वाक्याच्या आडोशाला आयुष्य काढलं.

सोनी वाचली. तिलाही तीच सुई होती, कितीतरी दिवस रोज, मांड्या दगडासारख्या झालेल्या. आजार डोक्याकडे चढत होता, सुई दिली नसती तर ती गेली असती. पण त्या सुईने तिचे कान अधू केले. ते कळायला वेळ लागला. आम्हाला वाटायचं पोर हट्टी आहे, हाक मारली तरी वळत नाही. एकदा आईने तिच्या मागे पितळेचा हंडा आपटला आणि ती तशीच खेळत राहिली. मी शिकले, शिक्षिका झाले, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलांना नीट ऐकू येतंय ना हे आयुष्यभर बघत आले. माझ्या भाचीला शाळेत पहिल्या बाकावर बसूनही पुरतं ऐकू येत नव्हतं. मला माझी शाळा मिळाली होती.

आता आई, आबा नाहीत, दादाही नाही. सोनी नेरळला शिलाईचे क्लास घेते, वहिनी तिच्याकडे असते. मला गोळ्या सुरू होणार हे मी वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आता माझी पाळी. दर रविवारी मी येनार, समोर बसून देनार. तोंड उघडून दाखवायचं." आणि ती खरंच येते, सोनी तिला घेऊन येते, तिघी जेवतो. पहिल्या चार रविवारी मी गोळ्या घेतल्या, तोंड उघडून दाखवलं, तिघी हसलो.

पाचव्या रविवारी जेवण झाल्यावर सोनीने कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवली. दिवसभर ती घातली की डोकं दुखतं म्हणते. ती खिडकीशी आमच्याकडे पाठ करून माझ्या ब्लाऊजची शिलाई उसवत बसली. वहिनीने गोळ्या मोजून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी पेला घेतला नाही. मी तिला पुलाखालचं सगळं सांगितलं. लाल धागा, खड्डा, वर ठेवलेला दगड, तीनदा धुतलेली डबी. माझ्या शाळेचंही सांगितलं, ते वगळावंसं वाटत होतं तरी.

वहिनीचा हात पेल्यावर तसाच होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या मनात यायचं तेव्हा. एवढं छातीतून ओढून काढलं, लाल दिसलं मला, तरी कागदावर काय नाय कसं? मंग मला वाटलं देवाला दया आली." मी म्हणाले, "वयनी." ती म्हणाली, "आधी गोळ्या घे."

मी गोळ्या घेतल्या. तिने तोंड उघडायला सांगितलं नाही. रिकामा पेला तिने टेबलावर ठेवला, यंत्रांच्या शेजारी, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "मला सांगून काय उपेग? माझं भोगून झालं, मी बरी झाले. कान तिचे गेले. तिला सांग." मी म्हणाले, मला नाही जमणार. वहिनीने ते ऐकलंच नाही असं केलं. ती खिडकीशी गेली आणि तिने सोनीच्या खांद्यावर हात ठेवला. सोनी वळली. वहिनीने आपल्या कानाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

सोनी उठून टेबलाशी आली. तिने दोन्ही यंत्रं कानात बसवली, खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसली, म्हणजे तिला माझे ओठही दिसावेत, आणि म्हणाली, "बोल आत्या. सावकाश बोल."